‘घर’ नावाचं नाक

पुलगावच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. डोकेदुखीची गोळी मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडून लगेच सुटतं, पण नाकात मारायचा स्प्रे मागणारं सुटत नाही. त्याला मी आधी मान जरा खाली घालायला लावते. मग उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरायला लावते, आणि बाटलीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळवायला लावते. "आता दाबा, आणि फुलाचा वास घेता तसा हळू श्वास घ्या. सूंऽऽ करून ओढाल तर औषध घशात जाईल आणि नाक कोरडंच राहील." एवढं होईस्तोवर मागे माणसं जमतात आणि कुरकुर करू लागतात. परवा एक जण म्हणालाच, "म्याडम, मी स्प्रे घ्याले आलो, ट्रेनिंगले नाई आलो."

त्याचं बरोबर आहे. पण हा माझा मूळ स्वभाव नव्हे, ही लागण आहे. वर्ध्याला एम.फार्म. करत असताना मला ती आमच्या सरांकडून लागली, आणि तिच्यावर अजून तरी कुठलं औषध निघालेलं नाही.

कॉलेजात सगळे त्यांना ‘नाकवाले सर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं, कारण फोनवर स्वतःची ओळखसुद्धा ते तशीच करून देत. खुद्द त्यांचं नाक मात्र अगदीच बेताचं होतं. चष्मा त्याच्यावर टिकायचा नाही, म्हणून त्यांनी तो दोरीनं गळ्यात अडकवून ठेवला होता. "देवानं माह्या नाकात कंजुसी केली," ते म्हणत, "म्हणून मले दुसऱ्याच्या नाकाची कदर हाय." वर्गात शिकवताना ते छापील पुस्तकासारखं बोलायचे, पण खूश झाले किंवा चिडले की घरची बोली बाहेर यायची. त्यामुळे त्यांचा मूड ओळखायला आम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे.

माणसाशी बोलताना सर त्याच्या डोळ्यांत बघत नसत, जरासं खाली बघत. नवख्या माणसाला वाटे की आपल्या नाकाला काहीतरी लागलंय, आणि तो घाईघाईनं रुमाल काढी. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो पडदा डावीकडे सरकलेला पोरगा आज आला नाही का?" असं ते विचारत, आणि गंमत म्हणजे आम्हा सगळ्यांना तो कोण ते कळत असे.

सकाळी प्रयोगशाळेत शिरलं की पहिलं काम म्हणजे फ्रीजमधली स्टीलची ताटली काढायची, नाकाखाली आडवी धरायची आणि श्वास सोडायचा. गार स्टीलवर वाफेचे दोन डाग उमटत, एक मोठा, एक लहान. माणसाच्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या चालत नाहीत, आलटून पालटून कामाला येतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण खरं वाटलं ते ताटलीवर पाहिल्यावर. सर डाग बघून म्हणत, "आज डावी ड्यूटीवर, उजवी सुट्टीवर. बसा." झाली हजेरी. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या नाकाखालीही त्यांनी ताटली धरली. तो बिचारा इतका घाबरला की श्वास सोडेचना.

त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर कॉलेजभर झाली होती. बाकीची मंडळी शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, असलं काही विचारत होते. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "झोपेत तोंड उघडं राहतं का?" मुलगी काही लाजली बिजली नाही. म्हणाली, "माह्यं नाई राहत. पन तुमच्या मुलाचं दिवसाच उघडं हाय. मघापासून तोंडानंच श्वास घेऊन राह्यले ते." सरांनी पुतण्याकडे निरखून पाहिलं, आणि कोणाला काही न विचारता तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. ती सून आज घरात सगळ्यांची लाडकी आहे. पुतण्याचा पडदा लग्नाआधीच सरळ करून घेतला.

सरांचं काम ऐकायला विचित्र वाटे, पण होतं सोपं. नाकात मारलेलं औषध नेमकं कुठं जाऊन बसतं, हे जिवंत माणसाच्या नाकात डोकावून दिसत नाही. म्हणून नाकाचा नमुना करायचा. दवाखान्यात कोणाच्या डोक्याचा स्कॅन निघालेला असे, त्या माणसाची लेखी परवानगी घ्यायची, आणि स्कॅनवरून त्याच्या नाकाची आतली पोकळी जशीच्या तशी थ्री-डी प्रिंटरवर पारदर्शक रेझिनमध्ये छापायची. नमुना तुकड्यांत सुटा होई. आतून त्याला एक पांढरट मलम फासायचं, पाण्याचा थेंब लागला की जांभळं होणारं. मागे पंप जोडायचा, म्हणजे नाक श्वास घेतल्यासारखं हवा आत ओढू लागे. मग स्प्रे मारायचा, तुकडे सुटे करायचे आणि जांभळा रंग कुठं उमटला ते बघायचं.

नाक म्हणजे सरांच्या लेखी एक घर होतं. नाकपुडीच्या जरा आतली अरुंद जागा हा उंबरठा. मग दालन. आणि अगदी वर, डोळ्यांच्या मध्ये, एक चिंचोळी फट असते, तिथं वास कळतो. तो माळा. स्प्रेचं औषध बहुतेक वेळा उंबरठ्यावरच सांडे. सर तुकडा उजेडात धरून वैतागत, "पाह्य, पाह्य. सारी वरात दारातच बसली. माळ्यावर कोणी जाऊनच नाई राह्यलं."

या कामाची एक शिक्षा होती. ताजं छापलेलं रेझिन आणि ते धुवायचं स्पिरिट मिळून असा काही वास सुटायचा की विचारू नका. आम्ही ॲप्रन घालायचो, हातमोजे घालायचो. सर बाह्या वर करून कोपरापर्यंत त्यात हात घालत, आणि तोच हात डोक्यावरून फिरवत. ते वळणावर यायच्या आधी त्यांचा वास यायचा. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची बाकीच्यांनी हळूहळू सरकवत खिडकीपाशी नेली होती. सरांना वाटे, आपल्याला मान म्हणून हवेशीर जागा दिली आहे. जो वास चोवीस तास सोबत असतो तो आपल्या नाकाला कळेनासा होतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, पण स्वतःला लावून बघितलं नव्हतं.

नमुने एका शेल्फवर मांडलेले असत. माणसांची नावं लिहायची नाहीत असा नियम, म्हणून सरांनी त्यांना गावांची नावं दिली होती. ‘हिंगणी’ रुंद आणि मोकळं, एकदम जंगलातल्या हवेला शोभणारं. ‘पुलगाव’ आतून डावीकडे वाकलेलं. आणि ‘अल्लीपूर’ माझ्या बाबांचं.

बाबांना सायनसचा त्रास होता, म्हणून त्यांना वर्ध्याला दाखवायला आणलं होतं. सरांच्या कानावर गेल्याबरोबर त्यांनी बाबांना चहाला बोलावलं आणि कप हातात देता देताच म्हणाले, "भाऊ, तुमचं नाक मले द्या."

"मंग मी काय करू?" बाबांनी विचारलं.

सगळं समजावून सांगितल्यावर बाबांनी सही केली. नमुना तयार झाला तेव्हा ते शेतातली कामं टाकून खास बघायला आले. नाक हातात घेऊन त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे माह्यं हाय?"

"हो जी," सर म्हणाले.

"बाप्पा! येवढ्या गल्ल्या हायत यात?" बाबा बराच वेळ आत डोकावत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अन् मी यात तपकीर कोंबून राह्यलो."

त्या दिवशी सुटलेली तपकीर बाबांनी परत धरली नाही. आईनं जी गोष्ट भांडून, रुसून, शपथा घालून साधली नव्हती, ती सरांनी न सांगता साधली. तिनं दर वर्षी घरची तूर डाळ सरांकडे पाठवायला सुरुवात केली.

शेल्फवर एक नाक वेगळं होतं. ते सरांच्या हाताशी, सगळ्यांत खालच्या फळीवर, पंच्यात गुंडाळलेलं असे. त्याच्यावर गावाचं नाव नव्हतं. सरांनी नुसतं ‘घर’ लिहिलं होतं. ते काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं नाक होतं, आणि सरांची सगळी धडपड कशासाठी आहे हे त्या नाकाकडे बघून आम्हाला कळायचं.

काकूंचा वास गेला होता, म्हणजे त्यांना कशाचाच वास कळत नसे. कोरोनाच्या तापात गेला तो ताप उतरल्यावर परत आलाच नाही. कित्येकांचा आला, काकूंचा नाही. सेवाग्रामकडच्या रस्त्याला सरांचं छोटंसं घर होतं, आणि काकूंच्या हातची सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खाल्लेला माणूस तो रस्ता विसरत नसे. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा सांबारवडी बंद झाली होती. वरणभात, भाजी, पोळी, बस.

"आता मी रेडिओवानी सैपाक करते," त्या मला हसत हसत म्हणाल्या होत्या. "आयकून. मोहरी तडतडली का भाजी टाकाची. मोहरी मुकी निंघाली तर माही भाजी कच्ची."

काकू स्वतःवर सहज हसत. एकदा गॅसची शेगडी विझली आणि कळलंच नाही, तोही किस्सा त्यांनी असाच सांगितला. "मी आपली मेथी निवडत बसली होती. घरात सारा गॅस. हे आले अन् दारातूनच बोंबलले. मले वाटलं साप निंघाला." मी हसले. सर हसले नाहीत. ते उठून आत गेले आणि गॅसचं बटण बघून आले. तेव्हापासून कॉलेजातून ते दुपारी घरी फोन करत, आणि फोनवर दोनच शब्द बोलत, "गॅस पाह्यला?"

फक्त एकदा, सर आत असताना, काकू माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलल्या. पुतण्याच्या घरी बाळ झालं होतं. "मांडीवर घेतलं पोरी त्याले. कवळं, गरम गरम. पन तान्ह्या लेकराच्या डोक्याले जो वास येते न, तो नाई आला. ते दुसऱ्याच कोनाचं लेकरू असल्यासारखं वाटलं मले." एवढं बोलून त्यांनी चहाचे कप उचलले. त्या दिवशी मी घरी जाऊन आईच्या पदराचा वास घेत बसले होते, तिला काही न सांगता.

डॉक्टरांनी काकूंना औषध दिलं होतं, पण ते माळ्यापर्यंत पोहोचतच नव्हतं, हे सरांना ‘घर’ नावाच्या नाकात रोज दिसत होतं. पांढरं मलम, उंबरठ्यावर जांभळा डाग, आणि वर सगळं कोरं. सर बाटलीचा कोन बदलत, दाब बदलत, श्वासाचा वेग बदलत. माळा कोराच.

आणि मग मे महिन्यात तो दिवस आला. वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढला त्याला वेगळं सांगायला नको. पंप तापून बंद पडू लागला, म्हणून सरांनी प्रयोगशाळेतला कूलर ओढत ओढत आणला आणि त्याचं तोंड नाकाकडे केलं. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, टाकी काठोकाठ भरलेली. आम्ही सगळे वाळ्याच्या गार वाऱ्यात खुशीत काम करत होतो. दुपारभर पंप चालला. संध्याकाळी सरांनी काकूंच्या नाकाला स्प्रे मारला, तुकडे सुटे केले आणि वरचा तुकडा उजेडात धरला.

माळा जांभळा झाला होता. नुसता माळा नाही, सगळं नाक उंबरठ्यापासून टोकापर्यंत जांभळंजर्द.

"पोहोचलं," सर म्हणाले. "बेटा, पोहोचलं!"

त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. त्या वासासकट मारल्या, आणि आम्हीही तक्रार केली नाही. वाटेत त्यांनी गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा घेतला आणि स्कूटर दामटत घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी त्याच कोनातून, त्याच दाबानं स्प्रे मारला, चहापत्तीचा डबा उघडून नाकाशी धरला आणि वाट बघितली. एका दिवसात काही होत नसतं हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या सकाळी ते शास्त्रज्ञ नव्हते.

मला मात्र रात्रीपासून काहीतरी खुपत होतं. सरांचाच नियम होता की औषध मारायच्या आधी औषधाशिवाय पंप चालवून बघायचा, म्हणजे न करता काय होतं ते कळतं. कालच्या गडबडीत तो नियम राहून गेला होता. मी सकाळी नाकाला नवं मलम फासलं, कूलर होता तसाच ठेवला, पंप लावला, आणि स्प्रेची बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. दुपारपर्यंत नाक जांभळं. ओल्या ताट्यांतून उडणारे पाण्याचे बारीक कण पंप दिवसभर नाकात ओढत होता. औषधाचा थेंबही नव्हता, तरी माळा जांभळा झाला होता.

सर आले, त्यांनी नाक बघितलं, कूलर बघितला, कुलूप बघितलं. सांगायची गरजच पडली नाही. ते स्टुलावर बसले. मग हसायला लागले. "म्हणजे काल आपण," त्यांना हसू आवरेना, "काल आपण कूलरच्या नाकात जाऊन आलो." पण हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी सांगायला ते मला सोबत घेऊन गेले. एकट्यानं सांगायची हिंमत होत नव्हती, असं मला वाटतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. डबा अजून ओट्यावरच होता.

"मंग," त्या म्हणाल्या, "हा गोरसपाक वापस कराचा का ठेवाचा?"

काकूंनीच डबा उघडला, एक त्यांच्या हातावर ठेवला, एक माझ्या. "आयका जी. मले वास नाई आला तं नाई आला. पन तुमी असं पडेल तोंड घेऊन घरी येत नका जाऊ. मले नाकानं दिसत नसन, डोयानं तं दिसते न."

त्यानंतर सरांनी स्प्रे बाजूला ठेवला आणि थेंब घेतले. त्यांचं म्हणणं असं की औषधाला माळ्यावर चढता येत नसेल तर माळाच खाली आणू, म्हणजे डोकंच असं ठेवू की थेंब आपसूक घरंगळत तिथं जाईल. आता कोन बाटलीचा नव्हता, माणसाचा होता. आणि माणूस कसाही वाकत नाही. मान पूर्ण मागे टाकली की काकूंना चक्कर येई, ते बाद. गुडघ्यांत डोकं घालणं त्यांच्या गुडघ्यांना मान्य नव्हतं, तेही बाद. प्रत्येक आसन सर आधी स्वतः करून बघत. मी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्यांच्या हनुवटीशी उभी.

असेच एका दुपारी सर टेबलावर कुशीवर आडवे झालेले, हनुवटी आढ्याकडे, चष्मा दोरीनं खाली लोंबतोय, आणि प्राचार्य आत आले.

"काय झालं? बरं नाही का?"

"नाही सर," सर पडल्या पडल्याच म्हणाले, "मी सध्या माझ्या मिसेसच्या नाकात आहे."

प्राचार्यांनी थोडा विचार केला. "दार लावून घेत जा," म्हणाले आणि गेले.

शेवटी तेच आसन टिकलं. कुशीवर झोपायचं, डोकं उशीशिवाय जरा खाली टेकवायचं आणि हनुवटी वर वळवायची. काकू तसंही दुपारी याच कुशीवर लवंडून टीव्ही बघतात, सर म्हणाले, म्हणजे नवीन काही शिकायला नको. नाकाचा नमुना आम्ही त्याच कोनात शिकंज्यात बसवला. कूलर बंद. उन्हाळा अजून संपायचा होता, आणि घामाचा एक थेंब नाकात पडला तरी सगळं वाया जाणार होतं. म्हणून आम्ही डोक्याला पंचे बांधले, हातांवर टॉवेल गुंडाळले. आधी पाण्याशिवाय, औषधाशिवाय. नाक पांढरं राहिलं. मग थेंब सोडले आणि तुकडे सुटे केले.

वरच्या फटीत मोहरीएवढा जांभळा ठिपका होता.

या वेळी सरांनी मिठ्या मारल्या नाहीत. "परत," एवढंच म्हणाले. परत ठिपका. "परत." परत ठिपका. मग ‘अल्लीपूर’, मग ‘हिंगणी’, सगळी नाकं आडवी झाली. ‘पुलगाव’नं एका बाजूनं दगा दिला, पण बाकीच्यांचे माळे रंगले. सरांनी ओळीनं मांडलेले तुकडे कितीतरी वेळ बघितले. "एक नाक म्हणजे गप्पा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, "शेल्फभर नाकं म्हणजे अभ्यास." त्या दिवशी शेल्फ भरलं होतं.

तरी ते घरी जाऊन काही बोलले नाहीत. आधी काकूंच्या डॉक्टरांकडे गेले, फोटो दाखवले. डॉक्टरांनी आसनाला हरकत घेतली नाही, थेंबही त्यांनीच लिहून दिले, आणि जोडीला वासाचा सराव सांगितला. रोज संध्याकाळी सर चार वाट्या मांडत. लवंग, कापूर, संत्र्याची साल, हिंग. काकू एकेक वाटी नाकाशी धरत.

"येऊन राह्यला काही?"

"नाई."

"असू दे."

पावसाळा गेला. संत्र्याची ताजी साल मिळू लागली. माझा प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, आणि त्या घरातलं संध्याकाळचं "नाई" काही बदललं नाही. सर मात्र तितक्याच निगुतीनं वाट्या मांडायचे. मला त्यांचा राग यायचा. निदान एकदा तरी वैतागावं माणसानं!

कॉलेज सोडायच्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्यासोबतच घरी गेले. सरांनी त्या दुपारी कुठलं तरी नवं नाक छापलं होतं, आणि रेझिनचं अर्धं भांडं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं होतं. स्कूटरवर त्यांच्या मागे बसून मी सगळी वाट पदरातून श्वास घेत आले. काकू ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सर फाटकातून आत शिरले, पायरीशी चप्पल काढायला वाकले, आणि काकूंनी एकदम हात वर केला.

"थांबा जी. तिथंच थांबा."

"काऊन?"

"काय सांडवून आले अंगावर? ईऽऽ! लसूण सडल्यावानी, पिलाश्टिक जळल्यावानी... कोन्या नालीत पडले का काय तुमी?"

एक पाय चपलेत, एक बाहेर, सर तसेच उभे राहिले. मी पेढ्यांचा डबा घट्ट धरला. काकूंच्या अजून काही ध्यानातच आलं नव्हतं. त्या पदर नाकाला लावून डोळे वटारून बघत होत्या. मग घसा खाकरून, वर्गातल्यासारखं, सरांनी विचारलं, "कोणत्या बाजूनं येऊन राह्यला? डावीकडून का उजवीकडून?"

"दोन्हीकडून! आंगोळ करा आधी, मंग पाय ठेवा घरात!"

आणि मग पदर धरलेला त्यांचा हात हळूच खाली आला. शेंगांचं सूप मांडीवरून घसरलं. त्या उठल्या, पायऱ्या उतरून सरांपाशी आल्या, त्यांच्या खांद्याशी नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. "ईऽऽ," म्हणाल्या, आणि रडू लागल्या. डोळे पुसले, परत नाक लावलं. "ईऽऽ, माय वं!" परत रडल्या. मी इतका आनंद आयुष्यात कधी बघितला नव्हता, आणि इतक्या घाण वासातला तर नाहीच. सर पुतळ्यासारखे उभे होते, हलले तर वास उडून जाईल अशा भीतीनं.

सांबारवडी परत सुरू झाली आहे. कॉफीला जळका वास येतो अशी काकूंची तक्रार आहे, आणि गुलाब अजून मुका आहे म्हणतात. पुतण्याच्या घरी दुसरं बाळ झालं तेव्हा त्या पंधरा दिवस तिथून हलल्या नाहीत. सरांना मी एकदा विचारलं होतं की हे थेंबांमुळे झालं, आसनामुळे झालं, की आपोआप? "सांगता नाही येत," ते म्हणाले. "असा वास कधी कधी आपोआपही येतो. आणि एक नाक म्हणजे गप्पा." त्यांनी कुठल्याही लेखात ‘घर’ नावाचं नाक घातलेलं नाही. ते अजून खालच्या फळीवर पंच्यात गुंडाळलेलं आहे.

मागच्या महिन्यात वर्ध्याला गेले तेव्हा सर अंगणात, तुळशीपलीकडे, बादलीतल्या पाण्यानं डोकं घासत होते. आता कॉलेजातून आलं की आधी हेच, मग घर, असा काकूंचा हुकूम आहे. मला बघून त्यांनी साबणानं माखलेला हात हलवला. "घरात घेत नाई मले," ते म्हणाले. एखाद्याला सरकारी पुरस्कार मिळाल्यावरही तो इतक्या अभिमानानं सांगणार नाही. अंग पुसून, धुतलेला सदरा घालून ते पायरी चढले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या कानामागे नाक नेलं, हुंगलं आणि मान हलवली.

"अजून येते. जा वापस."

आणि सर खुशीत परत बादलीकडे गेले.